आधी अरेंजर बघा: गायकी आणि बिग बँड जॅझचे अल्बम कुठून सुरू करायचे, कसे ऐकायचे

एला फिट्झजेराल्डचं नाव टाइप केलं की कुठल्याही ॲपवर शेकडो गाणी समोर येतात. आवाज सगळीकडे तोच, निर्मळ आणि सुराला पक्का. तरीही एक अल्बम ऐकताना माणूस हातातलं काम टाकून बसतो आणि दुसरा वाजत असताना भांडी घासून होतात, काय ऐकलं ते आठवत नाही. फरक गळ्यात नसतो. मागे कोण वाजवतंय, आणि त्याहून जास्त, त्यांनी काय वाजवायचं हे कागदावर कुणी लिहिलंय, यात तो असतो. हा लिहिणारा म्हणजे अरेंजर. हिंदी सिनेसंगीत कान देऊन ऐकणाऱ्यांना तो नवा नाही. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिनं कुठे शिरणार आणि बासरी कुठे थांबणार हे अनिल मोहिले किंवा सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक बघत. जॅझमध्ये या माणसाचं वजन आणखी मोठं. म्हणून अल्बम निवडताना गायकाच्या नावानंतर लगेच अरेंजरचं नाव शोधायचं. खालचा सगळा क्रम त्याच सवयीवर बेतलेला आहे.

आठवड्याला दोन अल्बम धरले तर हा साधारण दोन महिन्यांचा अभ्यास होतो. घाई केली तर सगळं एकसारखं वाटायला लागतं, आणि सोडून देणारे बहुतेक जण तिथेच सोडतात.

आधी फोन सरळ करा

पहिली अडचण संगीताची नसते, सेटिंगची असते. शफल बंद करा. क्रॉसफेड शून्यावर आणा, नाहीतर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतो, आणि या संगीतात शेवटचे चार सूर फार मोलाचे असतात. आवाज एका पातळीवर आणणारं नॉर्मलायझेशन बंद ठेवा, किंवा सोय असेल तर अल्बमनुसार ठेवा. इक्वलायझर सपाट असू द्या. बास वाढवला तर डबल बासचा सूर कळत नाही, नुसता गुबगुबाट येतो.

फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. डबल बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि फोनचा स्पीकर तितका खाली जातच नाही. बँडचा पायाच ऐकू आला नाही की वर उरतं ते नुसतं पितळ, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, आणि मग ते कानाला टोचतं. बऱ्यापैकी वायरचे हेडफोन किंवा घरातले दोन साधे स्पीकर पुरतात.

१९५७-५८ आधीची बहुतेक रेकॉर्डिंग मोनो आहेत. हेडफोनवर सगळा आवाज डोक्याच्या मध्यभागी येतो, तो दोष नव्हे. उलट १९६० च्या दशकात काही कंपन्यांनी जुन्या मोनो रेकॉर्डना खोटा स्टिरिओ चढवला. कॅपिटॉल त्याला ड्युओफोनिक म्हणत असे. त्यात आवाज पोकळ आणि पसरट होतो. जुन्या एलपीच्या दुकानात कव्हरवर हा शब्द दिसला तर ती प्रत परत ठेवा आणि मोनो शोधा.

तिसरी खबरदारी गाण्यांच्या संख्येची. त्या काळच्या एका एलपीवर ३५ ते ५० मिनिटांचा मजकूर मावत असे. ॲपवर त्याच अल्बमखाली २५ गाणी दिसली तर शेवटची जादा टेक (त्याच गाण्याची दुसरी ध्वनिमुद्रणं) किंवा दुसऱ्याच सत्रातली आहेत असं समजा. मूळ संच जिथे संपतो तिथेच थांबा. आणि ‘बेस्ट ऑफ’ किंवा ‘एसेन्शियल’ नावाची संकलनं या टप्प्यावर नकोत. त्यात वीस वर्षांच्या अंतराची दोन गाणी शेजारी बसलेली असतात आणि अरेंजरचा पत्ता कुठेच नसतो.

सोळा माणसं, चार घराणी

बिग बँड म्हणजे साधारण सोळा-सतरा वादक. पियानोवादक काउंट बेसीच्या १९५७ च्या बँडची मोजणी करू: ट्रम्पेट चार, ट्रॉम्बोन तीन, सॅक्सोफोन पाच, आणि पियानो, गिटार, डबल बास, ड्रम असा चौघांचा रिदम सेक्शन. पाच सॅक्समध्ये दोन आल्टो, दोन टेनर आणि तळाला एक बॅरिटोन. आपल्या वरातीच्या बँडमध्येही ट्रम्पेट असतात, पण तिथे सगळे मिळून एकच चाल वाजवतात. इथे पाच सॅक्सना पाच वेगळे सूर लिहून दिलेले असतात आणि ते एका श्वासात, एकाच वळणानं म्हणायचे असतात. पाच जण एका माणसासारखे वाजले की सेक्शन जमला.

आता ताल. बहुतेक गाणी चार मात्रांच्या बारमध्ये आहेत. आपला हात सवयीनं पहिल्या मात्रेवर पडतो, कारण सम तिथे असते. जॅझमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. ड्रमर डाव्या पायानं झांजांची जोडी तिथे मिटतो आणि ‘चिक्’ असा बारीक आवाज येतो. तो पकडा आणि तिथेच चुटकी वाजवा. पहिल्या-तिसऱ्यावर टाळी पडत राहिली तर स्विंग कळणार नाही. गाणं जड आणि कवायतीसारखं वाटेल.

स्विंग म्हणजे एका मात्रेचे दोन भाग सारखे न करणं. पहिला लांब, दुसरा आखूड. मात्रेचे तीन तुकडे मनात धरा, पहिले दोन जोडा, तिसरा सुटा ठेवा. वेग वाढला की हे प्रमाण आपोआप सपाट होत जातं, म्हणून अतिजलद गाण्यावर ते शिकायला जाऊ नका.

आवर्तनं दोनच लक्षात ठेवली तरी निम्मं काम झालं. एक ब्लूज: १२ बार, म्हणजे ४८ मात्रा. दुसरं ३२ बारचं गाणं: आठ-आठ बारचे चार तुकडे, त्यांचा क्रम मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. सोलो सुरू झाला तरी आवर्तन तसंच फिरत राहतं, फक्त त्यावरची मूळ चाल काढून घेतलेली असते. अशा प्रत्येक फेरीला कोरस म्हणतात. समूहगान नव्हे, हे नीट लक्षात ठेवा, नाहीतर अल्बमच्या मागचा मजकूर वाचताना गोंधळ होतो.

पायरी १: ‘द ॲटॉमिक मिस्टर बेसी’, गायक नाही

गायकी शिकायला निघून पहिला अल्बम बिनगायकाचा का? कारण गाणारा समोर असला की आपला कान त्याला सोडत नाही आणि बँड पडद्यासारखा मागे टांगलेला राहतो. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बमची अकराही गाणी नील हेफ्ती या एकाच माणसानं लिहिली आणि मांडली. कव्हरवर अणुस्फोटाचा ढग आहे, पण आतली खरी ताकद हळू वाजवण्यात आहे.

पहिल्या दिवशी फक्त शेवटचं गाणं ऐका, ‘लिल डार्लिन’. हेफ्तीनं ते बऱ्याच जलद लयीत योजलं होतं, बेसीनं ते जवळजवळ थांबेल इतकं सावकाश केलं. इतक्या विलंबित लयीत सोळा जणांनी एकत्र राहणं हे जलद वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड. ते पाच वेळा ऐका, प्रत्येक वेळी कान एकाच जागी ठेवून. पहिल्यांदा फक्त डबल बास. दुसऱ्यांदा गिटार: फ्रेडी ग्रीन, विजेशिवायची गिटार, प्रत्येक मात्रेला एक ठोका, कुठेही सोलो नाही. १९३७ पासून १९८७ मध्ये जाईपर्यंत या माणसानं याच बँडमध्ये हेच केलं. त्याचा आवाज सुटा ऐकू येत नाही, बासच्या सुराला कडा आल्यासारखा वाटतो. ती कडा कळली की हेडफोन बरे आहेत असं समजा. तिसऱ्यांदा सॅक्स, चौथ्यांदा वेंडेल कलीचा तोंड बंद केलेला ट्रम्पेट. पाचव्यांदा बेसीचा पियानो, जो बहुतेक वेळ वाजतच नाही. जागा सोडणं हीच त्याची शैली. गाण्याच्या शेवटी दोन-तीन सूर टाकतो आणि सही झाली.

मग अल्बम पहिल्यापासून. ‘द किड फ्रॉम रेड बँक’मध्ये हाच कंजूष माणूस दोन्ही हातांनी धबाधब पियानो वाजवतो (रेड बँक हे त्याचं न्यू जर्सीमधलं जन्मगाव). ‘ड्युएट’मध्ये दोन ट्रम्पेट एकमेकांशी कुजबुजतात, जो न्यूमन आणि थॅड जोन्स. यातलं थॅड जोन्स हे नाव लिहून ठेवा, पुढे लागेल. ‘स्प्लँकी’ हा १२ बारचा ब्लूज आहे, मोजायचा सराव त्यावर करा.

पायरी २: त्याच बँडसमोर गायक

‘काउंट बेसी स्विंग्ज, जो विल्यम्स सिंग्ज’, १९५५. यातलं ‘एव्हरी डे आय हॅव द ब्लूज’ हे गाणं म्हणजे ब्लूजच्या रचनेचा धडाच. चार-चार बारच्या तीन ओळी. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिचं उत्तर. प्रत्येक चार बारपैकी गायक साधारण दोन वापरतो आणि उरलेल्या दोनात बँड बोलतो. बुवांनी अभंगाची ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती झेलावी, तशी ही देवाणघेवाण. फरक इतकाच की इथे झेलणारे तेच शब्द म्हणत नाहीत, टोमणा मारतात. संयोजन अर्नी विल्किन्सचं. ट्रम्पेटची उत्तरं शेवटाकडे कशी दाट आणि वरच्या पट्टीत जातात ते ऐका. जो विल्यम्स मात्र आवाज चढवत नाही, शब्द थोडे उशिरा टाकतो आणि बँडवर रेलून बसतो.

जोडीला बेसीचा ‘एप्रिल इन पॅरिस’ घ्या. शीर्षकगीत संपलं असं वाटतं, तेव्हा बेसी ‘वन मोअर टाइम’ म्हणतो आणि शेवट पुन्हा वाजतो. मग आणखी एकदा. त्यातला ट्रम्पेट सोलो थॅड जोन्सचा, मध्येच एका इंग्रजी बालगीताची ओळ घालून मोकळा होतो.

पायरी ३: सिनात्रा, एक गाणं, दोन बँड

इथे वेळ काढा. या क्रमात सगळ्यात जास्त शिकवणारी ही पायरी आहे.

गायक फ्रँक सिनात्राचा १९५६ चा ‘साँग्ज फॉर स्विंगिन लव्हर्स’, पंधरा गाणी, अरेंजर नेल्सन रिडल. रिडल स्वतः ट्रॉम्बोन वाजवणारा, टॉमी डॉर्सीच्या बँडमधून आलेला. सिनात्राही १९४० ते ४२ डॉर्सीकडेच गात होता आणि लांब श्वासाची ओळ तो डॉर्सीच्या ट्रॉम्बोनकडून शिकला. थेट ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’वर जा. सुरुवातीला बॅरिटोन सॅक्स आणि खालचे सूर एक छोटी आकृती हलकेच फिरवत असतात. गाणं निम्म्यावर आलं की सिनात्रा थांबतो. व्हायोलिनं आणि ट्रॉम्बोन एकाच जागी घोटाळत, थर चढवत वर येतात, आणि मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन फुटतो. मायक्रोफोन उंचावर होता म्हणून बर्नहार्टला एका खोक्यावर उभं केलं होतं, आणि हे सगळं जमायला बावीस टेक लागले. तरी त्या सोलोत थकवा नाही. सोलोनंतर सिनात्रा परत येतो तेव्हा तीच ओळ तो आधीपेक्षा जोरात म्हणतो, कारण आता त्याला बँडच्या वर उभं राहायचं असतं. शेवटी बँड पुन्हा त्या पहिल्या कुजबुजीवर उतरतो. चढण, माथा, उतार, सगळं चार मिनिटांच्या आत.

आता १९६६ चा ‘सिनात्रा ॲट द सँड्स’ लावा. लास व्हेगासच्या हॉटेलात प्रेक्षकांसमोर, मागे बेसीचा बँड, संयोजन आणि संचालन क्विन्सी जोन्स. तेच गाणं. रिडलनं बांधलेला सांगाडा ओळखू येतो, पण व्हायोलिनं नाहीत, फ्रेडी ग्रीनचा ठोका आहे, आणि स्टुडिओतली नेटकी चढण इथे धक्का देत येते. दोन्ही पाठोपाठ तीन वेळा ऐका आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: सिनात्रा शब्द मात्रेच्या आधी टाकतोय, वर टाकतोय की नंतर? मोठा बँड मागे असताना तो जास्त रेंगाळतो, कारण लय सांभाळायला मागे सोळा माणसं आहेत. हे एकदा कानानं पकडलं की इतर गायकांतही दिसायला लागतं.

सँड्सच्या अल्बममध्ये अकरा-बारा मिनिटांचं एक लांबलचक भाषण आहे. एकदा ऐका, पुढच्या वेळी खुशाल ओलांडा. त्यातले विनोद त्या काळाचे आणि त्या खोलीचे आहेत.

१९५५ चा ‘इन द वी स्मॉल अवर्स’ याच जोडीचा, पण वेगळ्या वेळेसाठी. सोळा गाणी, सगळी संथ, सगळी एकटेपणाची. हा दुपारी लावला तर झोप येईल आणि दोष अल्बमला जाईल. रात्री, एकट्यानं, आणि त्याच दिवशी दुसरा संथ अल्बम नको.

पायरी ४: एला, पण साँग बुकपासून नव्हे

एलाच्या साँग बुक मालिकेची, म्हणजे एकेका संगीतकाराची गाणी एकत्र केलेल्या संचांची, शिफारस सगळेच करतात. १९५६ चा कोल पोर्टरचा संच, ३२ गाणी. १९५९ चा गर्शविन बंधूंचा, तब्बल पाच एलपी. गाण्यांचं भांडार म्हणून हे अमोल आहेत. पण पहिल्या भेटीला आम्ही ते देत नाही. कोल पोर्टरच्या संचात बडी ब्रेगमनचं संयोजन बऱ्याच ठिकाणी नुसतं नीटस आहे, आणि बत्तीस गाणी सलग ऐकली की एलाचा निर्दोषपणाच कंटाळवाणा होतो. गर्शविनच्या संचामागे रिडल आहे म्हणून तो वरचढ. त्यातही एका बैठकीला एकच बाजू, म्हणजे पाच-सहा गाणी.

सुरुवात ‘एला अँड लुई’पासून करा. १९५६, अकरा गाणी, मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो, हर्ब एलिसची गिटार, रे ब्राउनचा बास आणि ड्रमवर बडी रिच. बिग बँड नाही, म्हणून दोन गळ्यांमधला फरक उघडा पडतो. लुई आर्मस्ट्राँगचा आवाज खडबडीत रस्त्यासारखा, पण शब्द कुठे सोडायचा याचं त्याचं भान बघा. ‘चीक टू चीक’मध्ये तो आधी गातो, मग एला. त्याच ओळी, पण तिच्याकडे आल्या की इस्त्री केल्यासारख्या.

मग ‘एला इन बर्लिन’. १३ फेब्रुवारी १९६०, प्रत्यक्ष मैफल, मूळ एलपीवर नऊ गाणी. ‘मॅक द नाइफ’ म्हणताना ती मध्येच शब्द विसरली. थांबली नाही. विसरल्याचंच गाणं केलं, यमकं जुळवली, आर्मस्ट्राँगची नक्कल केली आणि गाणं शेवटास नेलं. पुढचं ‘हाउ हाय द मून’ म्हणजे जवळजवळ सात मिनिटांचं स्कॅट. तराणा ऐकलेल्या कानाला निरर्थक अक्षरांचं नवल वाटणार नाही. आवर्तन मात्र ३२ बारचं आहे, ते मनात चालू ठेवा, मग कळतं की ती कुठेही चुकत नाही. मध्येच दुसऱ्या गाण्यांचे तुकडे येतात आणि बरोबर जागेवर बसतात.

तिसरा ‘एला अँड बेसी’, १९६३, संयोजन क्विन्सी जोन्सचं. तीन पायऱ्या ओलांडून इथे आलात तर बँड आणि अरेंजर दोघांचीही ओळख झालेली असते.

नावावरून फसगत होते त्याचं एक उदाहरण इथेच सांगायला हवं. १९६१ चा ‘काउंट बेसी, सारा व्हॉन’ हा अल्बम चांगलाच आहे, बँडही बेसीचाच, पण पियानोवर बेसी नाही. त्याच्या त्या दोन-तीन सुरांची वाट बघत बसू नका.

पायरी ५: सारा, बिली आणि एक संथ अपवाद

सारा व्हॉनसाठी १९५४ चं ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनसोबतचं ध्वनिमुद्रण. नऊ गाणी. अल्बमचं नाव नुसतं ‘सारा व्हॉन’ आहे, त्यामुळे शोधताना क्लिफर्ड ब्राउन आणि एमआर्सी (रेकॉर्ड कंपनी) ही दोन नावं जोडा, नाहीतर भलतंच हाती लागतं. ‘ललबाय ऑफ बर्डलँड’ हे मुखडा-मुखडा-अंतरा-मुखडा रचनेचं स्वच्छ उदाहरण. शब्द सुरू झाले की बार मोजायला लागा. साराचा खर्ज कुठल्याही टेनर सॅक्सशी बरोबरी करतो. ती सुरावर थेट न जाता खालून घासत चढते, आपल्याकडच्या मींडेची आठवण व्हावी इतकी. ब्राउन तेव्हा २४ वर्षांचा होता. १९५६ च्या जूनमध्ये मोटार अपघातात गेला.

बिली हॉलिडेच्या बाबतीत क्रम चुकला की माणूस तिच्यापासून कायमचा दुरावतो. ‘लेडी इन सॅटिन’, १९५८, फार गाजलेला आहे. पण तिथे आवाज चिरफाळलेला, मागे रे एलिसची मोठी, गोड व्हायोलिनं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हिला गाता येतं तरी का? आधी १९३७ ची छोट्या वाद्यवृंदाची रेकॉर्डिंग ऐका, लेस्टर यंगचा टेनर सॅक्स असलेली. ‘अ सेलबोट इन द मूनलाइट’ या साध्याशा गाण्यात ती ओळ टाकते आणि यंग तिच्या बाजूनं, तिला न झाकता, दुसरी ओळ विणत जातो. खरखर आहे, तीन मिनिटांत संपतं. दहा वेळा ऐका. मग ‘साँग्ज फॉर डिस्टँगे लव्हर्स’, आणि अगदी शेवटी ‘लेडी इन सॅटिन’. तोवर त्या फाटलेल्या आवाजात काय शिल्लक आहे ते ऐकू येतं.

‘जॉन कोल्ट्रेन अँड जॉनी हार्टमन’, १९६३. कोल्ट्रेनचा टेनर सॅक्स, हार्टमनचा गळा. सहा गाणी, अर्धा तास, सगळी संथ. यात अजिबात मोजदाद करू नका.

पायरी ६: गळ्यांचा बँड

लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस या तीन गायकांचा ‘सिंग अ साँग ऑफ बेसी’ १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित झाला. कल्पना अचाट. बेसीच्या जुन्या रेकॉर्डमधला प्रत्येक वाद्याचा भाग, सोलोसकट, शब्द लावून गायचा. तानेच्या प्रत्येक स्वराला शब्द द्यावेत तसं. याला व्होकलीज म्हणतात. आधी भाड्यानं गायक बोलावले होते, पण त्यांना स्विंग जमेना. शेवटी तिघांनीच आपापले आवाज पुन्हापुन्हा एकावर एक चढवून सगळा बँड उभा केला. रिदमला खुद्द फ्रेडी ग्रीन आणि बेसीचा ड्रमर सनी पेन.

हा अल्बम थेट ऐकला तर नुसती बडबड वाटते. कृती अशी: आधी बेसीचं वाद्यांचं ‘वन ओ क्लॉक जंप’ तीनदा, सोलो ओठांवर येईपर्यंत. मग यांचं. ॲनी रॉस ट्रम्पेटच्या उंच जागा घेते तिथे लक्ष ठेवा. दहा गाणी आहेत. दिवसाला दोन पुरे.

पायरी ७: एलिंग्टन

बेसीचा बँड म्हणजे एक मोठं, तेल घातलेलं यंत्र. ड्यूक एलिंग्टनचा बँड म्हणजे एकत्र कुटुंब, प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि कुणाचाही कुणात मिसळत नाही. एलिंग्टन ‘दुसऱ्या ट्रम्पेटसाठी’ लिहीत नसे, अमुक माणसासाठी लिही. म्हणून त्याला आधी घ्यायचं नाही. सेक्शनची ओळख पक्की झाल्यावरच त्यानं काय मोडलंय ते कळतं.

‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’. ७ जुलै १९५६. ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’च्या दोन भागांमध्ये पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सवर ब्लूजची २७ आवर्तनं वाजवतो, म्हणजे ३२४ बार, एका दमात. प्रेक्षक उठून नाचायला लागतात आणि ते रेकॉर्डमध्ये ऐकू येतं. इथे प्रत निवडणं अत्यंत महत्त्वाचं. गोन्साल्विस चुकून व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी रेडिओच्या मायक्रोफोनसमोर उभा होता, त्यामुळे कोलंबिया कंपनीच्या टेपवर तो दूरवरून येतो. शिवाय १९५६ च्या एलपीतला बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून, वरून टाळ्या मिसळून केलेला. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही जुळवून संपूर्ण मैफल दोन सीडींवर निघाली. नावात ‘कम्प्लीट’ असलेली तीच घ्या.

‘द फार ईस्ट सूट’, १९६७, आपल्या जवळचा. १९६३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं हा बँड पश्चिम आणि दक्षिण आशियात पाठवला होता, मुंबईतही. नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या झाली आणि दौरा अर्ध्यावर संपला. ‘ब्ल्यूबर्ड ऑफ दिल्ली’ ही रचना एलिंग्टनचा सहसंगीतकार बिली स्ट्रेहॉर्न याच्या दिल्लीतल्या खोलीबाहेर गाणाऱ्या मैनेवरून सुचलेली. क्लॅरिनेट तीच लकेर परतपरत घेतो. ‘आग्रा’मध्ये हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्स. राग किंवा तबला शोधायला जाऊ नका, एलिंग्टननं नक्कल मुद्दाम टाळली. आणि ‘इस्फहान’ हे सगळ्यात सुंदर गाणं तर दौऱ्याच्या आधीच लिहिलेलं, नाव तेवढं नंतर दिलं. जॉनी हॉजेसचा आल्टो त्यात सुरावरून सुरावर घसरतो, मधली पायरी ऐकूच येत नाही.

मुंबईला हे संगीत एलिंग्टनच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. लिऑन ॲबीचा बँड १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजवू लागला. १९५१ च्या ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ या सगळ्यानंतर पुन्हा ऐका. त्यातले ब्रासचे टोमणे आता नेमके कुठून आलेत ते कळेल.

पायरी ८: पुढे

क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनची १६ जानेवारी १९३८ ची कार्नेगी हॉलमधली मैफल ऐतिहासिक आहे, पण आवाज घासलेला, म्हणून इतक्या उशिरा. ‘सिंग, सिंग, सिंग’मध्ये जीन क्रुपाचा ड्रम सगळ्यांना आठवतो. आम्ही सुचवू की त्यानंतर येणाऱ्या जेस स्टेसीच्या शांत पियानोसाठी थांबा.

गायक मेल टोर्मेचा ‘स्विंग्ज शुबर्ट ॲली’, १९६०. मार्टी पेचचं संयोजन, बँड दहा-बारा जणांचाच. कमी माणसांत किती रंग भरता येतात याचा नमुना.

आणि तो थॅड जोन्स. बेसीचा बँड सोडून त्यानं ड्रमर मेल लुइसबरोबर स्वतःचा बँड काढला, फेब्रुवारी १९६६ पासून दर सोमवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये. १९७० चा ‘कॉन्समेशन’ घ्या. ‘टिपटो’मध्ये बेसीची शिस्त ओळखू येते, पण सुरांचे थर जास्त आंबट, जास्त दाटीवाटीचे. ‘अ चाइल्ड इज बॉर्न’ तीन मात्रांत आहे, चुटकी विसरा.

आजच्या गायकांत सेसिल मॅक्लोरिन साल्वाँ. २०१५ चा ‘फॉर वन टू लव्ह’. सारा आणि बिली ऐकून झाल्या असतील तर ती कुणाचा कोणता दागिना घालते आणि कुठे मुद्दाम काढून ठेवते ते दिसेल.

बिग बँडमध्ये संगीतकार मारिया श्नायडर. तिचा ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’, २००४, हा दुकानात न ठेवता फक्त इंटरनेटवरून विकून ग्रॅमी मिळवणारा पहिला अल्बम. तिची रेकॉर्डिंग स्ट्रीमिंगवर शोधण्यात वेळ घालवू नका, तिच्या साइटवरून थेट घ्या. २००७ च्या ‘स्काय ब्लू’मधलं ‘सेरुलियन स्काइज’ वीस मिनिटांहून लांब आहे, एका बैठकीत ऐका. सुरुवातीला पाखरांचे आवाज येतील. ते वादकच काढताहेत, खिडकी लावायला उठू नका.